कात्रणांचे फोटो आणताय? वरची तारखेची ओळ घेऊन या

धर्म, हिंसा आणि राजकारण या विषयांवर पीएच.डी. करणारे बरेच विद्यार्थी टायपिंग-बायंडिंगला आमच्याकडे येतात. “फोटो इतके स्पष्ट आहेत, मग तळटिपांना एवढा वेळ का?” हे जवळपास प्रत्येक जण विचारतो, म्हणून उत्तर छापूनच ठेवले आहे.

फोटो स्पष्ट असतो, पण बातमीपुरताच. वाचनालयात जुनी फाइल उघडली की मोबाइल थेट बातमीवर नेला जातो. पानाच्या माथ्यावर दैनिकाचे नाव, वार, तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक असतो. नेमका तेवढाच भाग सुटतो. मजकुरात असते, ‘काल सायंकाळी मिरवणूक चौकात आली असता दगडफेक झाली.’ यातला काल कुठला? त्यात डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी पाठवायला लवकर छापलेली आवृत्ती, असली तर रात्री उशिराची बातमी तिच्यात एक दिवस मागे पडते. मग तुम्हाला फोन, तुम्ही पुन्हा वाचनालयात, आणि इकडे काम अडून.

आपल्या गावचेच उदाहरण घ्या. सोलापुरात मार्शल लॉ लागला १२ मे १९३० ला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. दोन्हीकडे बारा तारीख असल्याने सरमिसळ होते. वर स्मृतिदिनाचा एखादा लेख माथा कापून आणला, तर तो त्या काळची बातमी म्हणून प्रबंधात जायला वेळ लागत नाही.

आकड्यांचे तर विचारूच नका. दंगलीतल्या मृतांचा पहिल्या दिवशी छापलेला आकडा आणि चौकशी आयोगाचा आकडा क्वचितच जुळतो. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींत श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले आहेत. त्याशेजारी तारीख नसलेल्या कात्रणातला आकडा ठेवलात, तर व्हायवाला (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न तिथेच येणार. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी १९५० ते १९९५ पर्यंतच्या हिंदू-मुस्लिम दंगलींची जी मोजदाद केली, ती एकाच इंग्रजी दैनिकाच्या मुंबई आवृत्तीतल्या बातम्यांवरून. त्याच आधारावर वार्ष्णेयांनी अलिगडशेजारी कालिकत, हैदराबादशेजारी लखनौ ठेवून एक शहर पेटते आणि दुसरे का पेटत नाही, हे तपासले. बातमीला तारीखच नसती तर मोजायचे काय?

तेव्हा आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, मग बातमीचा जवळून. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर बारीक अक्षर फुटते. मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीलाच दिवस आणि ठिकाण बोलून ठेवा. बोलणाऱ्याचे नाव बदलायचे असेल तर टायपिंगच्या आधी सांगा, बायंडिंगनंतर नाही. (होय, असेही होते.)

तारीख नसेल तिथे आम्ही पिवळी खूण करून जागा मोकळी सोडतो. काहींना हा अडेलतट्टूपणा वाटतो. “अंदाजे टाका हो, कोण बघतंय?” असे म्हणणारेही भेटतात. अंदाजाने आम्ही टाकत नाही. प्रबंधावर सही तुमची असते. अवतरणातला शब्द कितीही बोचरा असो, तोही सौम्य करत नाही. एखाद्या घटनेला ‘दंगल’ कोण म्हणते आणि का, हाच राज्यशास्त्रज्ञ पॉल ब्रास यांच्या अभ्यासाचा मोठा भाग आहे; तिथे टायपिंगवाल्याने हात घालू नये.

मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू उतारेही आम्ही मूळ लिपीतच बसवतो. उर्दू उजवीकडून चालते, त्यामुळे मराठी ओळीत तळटिपेचा आकडा भलतीकडे उडी मारतो. तो जागेवर आणायला हात बसलेला लागतो, म्हणून त्या पानांचा दर थोडा जास्त आहे.

सबमिशनच्या महिन्यात गर्दी असते. त्याआधीच कात्रणांचा पेनड्राइव्ह घेऊन या. कुठल्या फोटोत काय सुटले आहे ते तुमच्यासमोर बसून सांगतो. एवढे बघण्याचे पैसे घेत नाही.