नव्या तळ्यातले मासे दुसऱ्या आठवड्यात का दगावतात?

सांगलीत नव्या बंगल्यांच्या अंगणात कोई माशांचं तळं करायची टूम निघाली आहे. वास्तुशांतीच्या मुहूर्तावर तळं भरायचं आणि त्याच दिवशी पाहुण्यांदेखत दहा-बारा लाल-पांढरे मासे सोडायचे. आठवडाभर कौतुक चालतं. मग मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि एका सकाळी दोन-तीन उताणे तरंगताना दिसतात. पाणी मात्र तळ दिसेल इतकं नितळ! अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्यावरचं गंडांतर माशानं घेतलं." माशाच्या जिवावर आलेलं गंडांतर त्याच नितळ पाण्यात विरघळलेलं असतं, आणि त्याचं नाव अमोनिया.

कोई म्हणजे कार्प माशाचा रंगीत अवतार. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातलाच. जपानच्या निगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात हे रंग निवडून जोपासले आणि 1914च्या टोकियो प्रदर्शनानंतर त्यांची कीर्ती पसरली. हा मासा दोन फुटांपर्यंत वाढतो. म्हणून चार फूट खोली आणि निदान चार-पाच हजार लिटर पाणी हवंच. बांधकामाचं एवढं पुरे, खरी गंमत पुढे आहे.

खाद्यातलं प्रथिन पचलं की नायट्रोजन उरतो. आपलं यकृत त्याचा युरिया करतं. मासा ती खटपट करत नाही, बहुतेक नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. कृष्णेत तो वाहून जातो, तळ्यात साठतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. एक अमोनियम, ज्यावर विद्युतभार असल्यामुळे तो कल्ल्याच्या पातळ पडद्यातून सहजी आत शिरत नाही. दुसरा निखळ अमोनिया, जो सहज शिरतो आणि मारतो. कुठलं रूप किती, हे मुख्यतः सामू म्हणजे पीएच ठरवतो. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर विषारी रूप जेमतेम अर्धा टक्का, 8 ला पाच टक्क्यांच्या वर, 9 ला एक तृतीयांशाहून जास्त. आता नवं तळं आठवा. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत असतो आणि सामू 10 च्याही पुढे जातो. म्हणून सिमेंटचं तळं दोन-तीन आठवडे पाणी बदलत भिजत ठेवायचं, सामू साडेआठच्या खाली टिकेपर्यंत.

अमोनियाचा निकाल लावतात जिवाणू. नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा त्याचं पुढे नायट्रेट. नायट्रेट बरंच निरुपद्रवी, काठावरची कर्दळ ते आनंदानं खाते. हे जिवाणू अमोनिया किंवा नायट्राइट जाळून ऊर्जा मिळवतात आणि अंगासाठीचा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. या धंद्यात नफा फार थोडा, त्यामुळे वाढ संथ. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना बऱ्याचदा दिवस उजाडतो. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी 1890च्या सुमारास हे जिवाणू वेगळे केले, तेही जिलेटिनचा नेहमीचा सेंद्रिय थर सोडून सिलिकाच्या जेलवर. दोन पायऱ्यांना दोन वेगळे जिवाणू लागतात हा समज तर 2015 पर्यंत टिकला. त्या वर्षी संशोधकांच्या दोन गटांनी दोन्ही कामं एकट्यानं करणारा नायट्रोस्पिरा शोधला. एका गटाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये सापडला!

दुसरी पायरी उशिरा सुरू होते, म्हणून मध्ये नायट्राइट साचतं. क्लोराइड आत घेण्याच्या कल्ल्यातल्या वाटेनंच ते रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं मेथिमोग्लोबिन करतं. रक्त तपकिरी होतं, त्याला प्राणवायू वाहता येत नाही. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. उतारा साधा आहे: हजार लिटरला एक किलो साधं मीठ. क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला वाट मिळत नाही. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळणाऱ्यांनी मोहरी फोडणीला ठेवावी आणि मीठ विरघळवून तळ्यात घालावं.

एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सात ग्रॅम अल्कता, म्हणजे आम्ल पचवून सामू टिकवायची पाण्याची ताकद, खर्ची पडते. बोअरचं जड पाणी इथे उपयोगी पडतं, अल्कतेचा साठा त्यात आयता असतो. ऑक्सिजनचं मात्र तसं नाही. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळतो, 30 ला साडेसातच. एप्रिलच्या दुपारी वीज गेली, पंप थांबला, की आधीच कमी असलेला प्राणवायू मासे आणि जिवाणू मिळून संपवतात. इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप ठेवा.

या जिवाणूंचं घर म्हणजे फिल्टर: दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप, आत खच्चून भरलेली जाळी आणि तळातून वर चढणारं पाणी. महिन्याभरानं जाळीवर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. तीच तुमची फौज. घरातल्या स्वच्छताप्रेमी माणसाला तो बघवत नाही, तो जाळी नळाखाली खसाखसा धुतो, आणि उरलेल्या जिवाणूंना नळाच्या पाण्यातला क्लोरीन पुरतो. जाळी तळ्याच्याच पाण्यात, बादलीत हलकेच खळबळून काढावी.

दुकानात जिवाणूंच्या बाटल्या मिळतात आणि "चोवीस तासांत तळं तयार" असं त्यांवर छापलेलं असतं. माझा त्यावर विश्वास नाही. बाटली ओतली तरी टेस्ट किटनं पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट मोजणं काही टळत नाही. मासे न सोडता पंप चालू करा, रोज चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल, आणि किटनं मोजत राहा. अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल. चार ते सहा आठवड्यांनी दोन्ही शून्यावर आली की दोन-तीन लहान मासे सोडा, बाकीचे पुढच्या महिन्यात. वास्तुशांतीला तळ्यात कमळाची कुंडी ठेवली तरी पाहुणे नावं ठेवत नाहीत.