उद्गारचिन्ह आले कुठून आणि गेले कुठे कुठे

उद्गारचिन्ह जन्मले ते मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. चौदाव्या शतकातील इटलीत लॅटिन मजकूर वाचताना आश्चर्याची वाक्ये सर्रास साध्या विधानासारखी किंवा प्रश्नासारखी उच्चारली जात. इआकोपो अल्पोलेइओ दा उर्बिसाल्या याला हे खटकले आणि अशा वाक्यांच्या शेवटी टिंब देऊन त्याच्या वर, जरा बाजूला, स्वल्पविरामासारखी खूण करायला त्याने सुरुवात केली. फ्लॉरेन्सचे चॅन्सेलर कोलुचियो सालुताती यांच्या ग्रंथाच्या १३९९ च्या हस्तलिखितात टिंबावर तिरकी रेघ असे हे चिन्ह दिसते. 'इओ' या लॅटिन आनंदोद्गारातली अक्षरे एकाखाली एक लिहून ते तयार झाले, ही गोष्ट फार सांगितली जाते, पण तिला हस्तलिखितांचा आधार नाही.

छपाई आली आणि चिन्ह स्थिरावले, तरी मूळची अडचण राहिलीच: वाचणाऱ्याला सूर कळतो तो वाक्य संपल्यावर. स्पॅनिशने यावर थेट उपाय केला. तिथल्या भाषा अकादमीने १७५४ मध्ये प्रश्नार्थक वाक्याच्या आरंभी उलटे प्रश्नचिन्ह सुचवले आणि पुढे उद्गारालाही तीच रीत लागू झाली. फ्रेंचमध्ये चिन्हाच्या आधी बारीक जागा सोडतात. तिथे साधी स्पेस दिली तर ओळ नेमकी तिथेच तुटते आणि चिन्ह एकटेच पुढच्या ओळीवर जाऊन बसते, म्हणून न तुटणारी स्पेस वापरावी लागते. मराठीत अशी जागा सोडायची नसते.

मराठी लेखनात विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. उद्गारचिन्ह नेमके कुठे द्यायचे, याबाबत मात्र आजही गोंधळ होतो. भावना एका उद्गारापुरती असेल तर 'अरेरे! फार वाईट झाले.' आणि ती वाक्यभर पसरली असेल तर 'अरेरे, फार वाईट झाले!' दोन्हीकडे चिन्ह दिले की जोर कशावर आहे तेच कळत नाही. 'किती सुंदर!' आणि 'किती वाजले?' यांत तर 'किती' सारखाच असतो, फरक फक्त चिन्ह दाखवते.

कित्येक जुन्या टाइपरायटरांवर या चिन्हाची कळच नव्हती. आधी अवतरणाची एकेरी खूण उमटवायची, एक घर मागे यायचे आणि तिच्याखाली पूर्णविराम मारायचा. मागे यायला विसरले की दोन्ही खुणा शेजारी शेजारी पडत.

गणितात ते १८०८ मध्ये ख्रिस्तियान क्राम्प यांनी आणले. ५! म्हणजे ५×४×३×२×१, अर्थात १२०. इथे चिन्ह दुप्पट केल्याने जोर वाढत नाही, क्रियाच बदलते. ३!! मध्ये एकाआड एक संख्या गुणायच्या असतात, म्हणून उत्तर ३×१ = ३; आणि (३!)! म्हणजे ६!, म्हणजे ७२०. कंस गाळला तर केवढा फरक पडतो पाहा. 'उत्तर आहे ५!' असे वाक्यही म्हणूनच टाळावे. बुद्धिबळाच्या नोंदीत एक चिन्ह चांगली खेळी दाखवते, दोन अप्रतिम, '!?' लक्षवेधी आणि '?!' शंकास्पद. या दोन्हींत क्रम उलटला की शेराही बदलतो.

सी या संगणकाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आणि तिच्यावरून आलेल्या अनेक भाषांत अटीच्या आधीचे हे चिन्ह नकार दाखवते. बॅश या, टाइप केलेल्या आज्ञा (कमांड) घेऊन त्या संगणकाकडून पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमच्या कमांड ओळीवर दुहेरी अवतरणात '!' ला लागून अक्षर आले, तर ते आधीच्या कमांडची हाक समजले जाते आणि तशी कमांड सापडली नाही तर त्रुटी येते. एकेरी अवतरण दिले की प्रश्न मिटतो.

दक्षिण आफ्रिकेतील खोइसान भाषांत तर जीभ टाळूला लावून खाली ओढताना होणाऱ्या टक् अशा ध्वनीचे ते अक्षर आहे. जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात या अक्षराला वेगळा संकेतांक आहे, कारण त्याच्या जागी कीबोर्डवरचे उद्गारचिन्ह टाकले की संगणक त्याला विरामचिन्ह समजून शब्द तिथेच तोडतो.