शंभर महिन्यांच्या भाड्यात अख्खी बिल्डिंग

गिरगावात माझ्या मावशीची दहा बाय बाराची खोली आहे, पागडीची. गॅलरीला खालून लाकडी टेकू लावलेत ते मी शाळेत असल्यापासून बघतोय, तात्पुरते म्हणून लावलेले, आता त्यांना खिळे ठोकून लोकांनी कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्यात. महिन्याचं भाडं दोघांच्या मिसळीत संपेल इतकं.

हे आधी सांगायचं कारण, ५ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगी मालमत्तेवर निकाल दिला तेव्हा टीव्हीवर सगळे संपत्तीवाटप आणि समाजवादावर भांडत होते, पण ती केस मुळात असल्या टेकूवाल्या बिल्डिंगांची होती हे कोणी फारसं सांगितलंच नाही.

सुरुवात भाड्यापासून. पहिल्या महायुद्धात मुंबईत माणसं वाढली, घरं नाहीत, म्हणून १९१८ ला पहिला भाडे कायदा आला. खरा गाजला तो १९४७ चा. त्यात १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते 'प्रमाण भाडं' धरून तिथेच गोठवलं, आणि भाडं वेळेवर देणाऱ्याला मालक मनाला येईल तसा बाहेर काढू शकत नाही असं संरक्षण दिलं. त्या काळात हे बरोबरच होतं, गिरणीतला माणूस नाहीतर कुठे गेला असता? पण युद्ध संपलं, फाळणीची गर्दी येऊन स्थिरावली, आणि आकडा तिथेच. मालमत्तेला सामाजिक जबाबदारी असते हे तत्त्व ठीक आहे, जर्मनीने तर १९१९ च्या राज्यघटनेत लिहूनच टाकलं होतं, पण आपल्याकडे ती सगळी जबाबदारी एकट्या घरमालकाच्या डोक्यावर टाकली आणि त्याने काय केलं, तर दुरुस्ती बंद केली. गिलावा पडला तर तुमचा तुम्ही बघा. आणि पागडी सुरू झाली, म्हणजे खोली हातातून हातात जाताना नवा भाडेकरू जी रोकड देतो त्यातला साधारण एक तृतीयांश मालकाला, कायद्याने गुन्हा पण सगळी मुंबई त्यावरच चालली, शेवटी १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने पागडी अधिकृत करून टाकली आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढही दिली. त्याआधी १९९७ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंच होतं की गोठलेलं भाडं आता अन्यायकारक झालंय.

बिल्डिंगा पडायला लागल्यावर १९६९ ला दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. प्रॉपर्टी टॅक्सबरोबर उपकर गोळा करायचा, लोक त्याला सेसच म्हणतात, आणि त्या पैशातून सरकारी मंडळ दुरुस्ती करणार. अशा १९ हजारांहून जास्त बिल्डिंगा होत्या, १९४० च्या आधीच्या त्या 'अ' वर्गात. पुढे हे सगळं म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, १९७६ च्या कायद्यात गेलं.

मग १९८६. म्हाडा कायद्यात आठ-अ नावाचं प्रकरण घातलं. ७० टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली तर सरकार बिल्डिंग जमिनीसकट संपादन करून त्यांना देणार, आणि मालकाला मिळणार महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. हिशोब करा, खोलीचं भाडं ५० रुपये असेल तर त्या खोलीमागे मालकाच्या हातात ५ हजार. गिरगावात, जमिनीसकट! मी भाडेकरूच्या घरातला माणूस, तरी हे वाचून मलाही कसंतरी झालं.

हे टिकावं म्हणून कायद्यातच लिहिलं की तो घटनेच्या ३९(ब) साठी आहे. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सर्वांच्या हिताची व्हावी असं ते कलम सांगतं, आणि त्यासाठी केलेल्या कायद्यांना ३१(क) ची ढाल मिळते, समानतेच्या हक्कावरून आव्हान देता येत नाही. मालमत्तेचा मूलभूत हक्क तर ४४ व्या दुरुस्तीने आधीच गेलेला, उरलं फक्त ३००-अ, कायद्याशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही एवढंच सांगणारं कलम. आणि १९७७ ला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवलेलं की खासगी मालमत्तासुद्धा समाजाची साधनसंपत्तीच.

मालकांची संघटना हायकोर्टात गेली, १९९१ ला हरली, सुप्रीम कोर्टात गेली, तिथे तीनवरून पाच, पाचवरून सात आणि २००२ ला नऊ न्यायाधीशांकडे प्रकरण गेलं आणि पडून राहिलं बावीस वर्षं. शेवटी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी बहुमताचा निकाल लिहिला, प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची होत नाही, काही होऊ शकतात, ते एकेक बघून ठरवावं लागेल. गंमत म्हणजे १९८५ ला ओल्गा टेलिस केसमध्ये फुटपाथवरच्या माणसाचा उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असं लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, म्हणजे त्यांचे वडील. दोन्ही निकाल मुंबईच्या घरांवरून. (आणि त्या फुटपाथवाल्यांना हक्क मिळाला पण झोपड्या वाचल्या नाहीत, पावसाळ्यानंतर पाडायची परवानगी त्याच निकालात होती.)

शंभर पट भाड्याचं काय, ते नऊ जणांनी ठरवलंच नाही, ते नेहमीच्या खंडपीठाकडे परत.

मधल्या काळात म्हाडा कायद्यात ७९-अ आलं. धोकादायक बिल्डिंगच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने, त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, तिनेही नाही तर म्हाडा. ५१ टक्के संमती लागते, आणि मालकाला रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, २५ टक्के किंवा विक्रीच्या बांधकामाच्या १५ टक्के, जे जास्त ते. मावशीच्या चाळीत सह्या गोळा करणं चालू आहे. एका खोलीची भाडेपावती अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर निघते आणि नातवंडं तीन, त्यातला एक पुण्यात, एक दुबईत, तर सही कोणाची धरायची यावरच मागच्या रविवारची मीटिंग संपली.