प्रायोगिक मधुमेहजन्य तंत्रिकाविकृती

मधुमेहामुळे मेंदू व मेरुरज्जूबाहेरील तंत्रिकांना होणाऱ्या इजेचा प्रयोगशाळेतील प्राण्यांवर केला जाणारा अभ्यास. त्यासाठी प्राण्यांत औषधाने मधुमेह उत्पन्न केला जातो किंवा आनुवंशिक दोषामुळे मधुमेह होणारे वाण वापरले जातात. बहुसंख्य प्रयोग ‘रॅट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पांढऱ्या उंदरावर आणि ‘माऊस’ या छोट्या उंदरावर झालेले आहेत.

या अभ्यासाचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. क्लोद बेर्नार यांनी १८४९ च्या सुमारास सशाच्या मेंदूतील चौथ्या विवराच्या तळाला सुई टोचली असता त्याच्या मूत्रात साखर उतरल्याचे दाखविले. त्यामुळे तंत्रिकातंत्रातील बिघाड हेच मधुमेहाचे कारण होय, या समजुतीला बळ मिळाले. १८६४ मध्ये मार्शाल द काल्व्ही यांनी रुग्णांच्या निरीक्षणावरून हा कार्यकारणभाव उलटा मांडला आणि तंत्रिकांची इजा हा मधुमेहाचा परिणाम असल्याचे प्रतिपादन केले. १८८९ मध्ये फॉन मेरिंग व मिन्कोव्हस्की यांनी स्ट्रासबुर्ग येथे कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेह उत्पन्न केला; परंतु इन्सुलिनपूर्व काळात असे प्राणी फार दिवस जगत नसल्यामुळे सावकाश होणाऱ्या तंत्रिकाविकृतीसाठी त्यांचा उपयोग नव्हता. ग्लासगो येथील डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये ॲलॉक्सन या रसायनाने स्वादुपिंडातील द्वीपके (इन्सुलिन बनविणारे पेशीपुंज) नष्ट होतात असे दाखविल्यावर ही अडचण दूर झाली. एलियासन यांनी १९६४ मध्ये ॲलॉक्सन दिलेल्या रॅटच्या तंत्रिकांतील आवेगवहन (विद्युत् संदेशांचे वहन) मंदावल्याचे मोजून दाखविले. आजच्या अर्थाने या विषयाची सुरुवात तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण बेर्नार यांच्या प्रयोगाचा प्रश्नच वेगळा होता.

ॲलॉक्सनची जागा पुढे स्ट्रेप्टोझोटोसिनने घेतली. *स्ट्रेप्टोमायसीझ ॲक्रोमोजेनीस* या सूक्ष्मजंतूपासून मिळणाऱ्या या प्रतिजैविकाचा मधुमेहकारक गुण १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या रेणूला ग्लुकोजचा घटक जोडलेला असल्याने तो ‘ग्लुट-२’ या वाहक प्रथिनामार्फत द्वीपकांतील इन्सुलिन बनविणाऱ्या बीटा पेशींत शिरतो आणि त्यांच्या डीएनएला इजा करून त्यांचा नाश करतो. रॅटला साधारणपणे शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ५० ते ६५ मिलिग्रॅम मात्रा एकदाच दिली जाते. द्रावण टिकत नसल्यामुळे ते थंड, आम्लधर्मी सायट्रेट द्रावकात आयत्या वेळी बनवून लगेच टोचावे लागते. मरणाऱ्या बीटा पेशींतून साठलेले इन्सुलिन एकदम बाहेर पडून रक्तशर्करा घातक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून पहिल्या दिवशी प्राण्याला साखरपाणी ठेवण्याची पद्धत आहे. दोन-तीन दिवसांत शेपटीच्या टोकातून घेतलेल्या थेंबात शर्करा २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आढळली की प्राणी मधुमेही धरला जातो. असा रॅट सतत पाणी पितो, पिंजऱ्यातील भुसा मूत्राने काही तासांत ओला होतो आणि तो रोज बदलावा लागतो. प्राण्याचे वजन मात्र वाढत नाही.

ही खुंटलेली वाढच या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या वादाचे मूळ आहे. प्रयोगात घेतलेले रॅट बहुधा तरुण, वाढीच्या वयातील असतात. निरोगी रॅटच्या तंत्रिकातंतूंची जाडी आणि त्यांबरोबर वहनवेग या वयात वाढतच असतो, तर मधुमेही रॅटमध्ये तो जेथल्या तेथे राहतो. काही महिन्यांनी दोघांची तुलना केल्यावर दिसणारा फरक इजेमुळे पडला की परिपक्वता न आल्यामुळे, हे केवळ वेग मोजून सांगता येत नाही. शर्मा व टॉमस यांनी १९७४ मध्ये केलेल्या पाहणीत मधुमेही रॅटमध्ये वहनवेग कमी असूनही तंत्रिकातंतूंभोवतीचे मायेलिन हे स्निग्ध आवरण तुकड्यातुकड्याने नष्ट झाल्याची, म्हणजे माणसात वर्णिलेली, खूण आढळली नाही. याकोबसेन यांनी मात्र अक्षतंतू (त्या आवरणाच्या आतील संदेशवाहक तंतू) खरोखरच बारीक होत जातात असे मत मांडले. दोन्ही निरीक्षणे परस्परविरोधी नाहीत. तरीही वाढ पूर्ण झालेल्या प्राण्यांवरील आणि वजनाने जुळणाऱ्या निरोगी प्राण्यांशी तुलना केलेल्या प्रयोगांनाच अधिक वजन द्यावे, हे मत ग्राह्य वाटते.

असाच दुसरा वाद कॅनडात आढळलेल्या ‘बीबी’ रॅटविषयी आहे. या वाणात स्वप्रतिरक्षेमुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटल्यामुळे, आपोआप मधुमेह होतो. सिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याच्या तंत्रिकांतील रॅन्व्हिए संधींलगत (मायेलिन आवरणात ठरावीक अंतरावर असलेल्या फटींलगत) मायेलिनची अक्षतंतूवरील पकड सुटते असे वर्णन केले आणि सहजी न सुधारणाऱ्या मंद वहनाचे ते कारण मानले. टॉमस यांच्या गटाला मानवी तंत्रिकांच्या छेदांत या बदलाचा पडताळा मिळाला नाही. तो मधुमेहाचा सर्वसाधारण विकार म्हणून मांडताना त्यामुळे सावधगिरी बाळगली जाते.

कारणमीमांसेत प्रथम सॉर्बिटॉलचा विचार पुढे आला. गॅबे, मेरोला व फील्ड यांनी १९६६ मध्ये मधुमेही रॅटच्या तंत्रिकांत ही शर्करा-अल्कोहोल साठते असे दाखविले. जादा ग्लुकोजचे आल्डोज रिडक्टेज या विकरामुळे सॉर्बिटॉल बनते, त्याबरोबर मायोइनोसिटॉल घटते आणि सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, अशी साखळी पुढे मांडली गेली. या विकराला रोखणाऱ्या औषधांनी रॅटमधील वहनवेग सुधारतो. माऊसच्या तंत्रिकांत मात्र या विकराची क्रिया फार कमी असते, तरीही मधुमेहात त्यांचा वहनवेग घटतो. हा आक्षेप अद्याप पुरता दूर झालेला नाही. टक, श्मेल्झर व लो यांनी १९८४ मध्ये मधुमेही रॅटच्या सायटिक तंत्रिकेतील (मागच्या पायात जाणाऱ्या मुख्य तंत्रिकेतील) रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा दाब घटलेला असल्याचे मोजले व लक्ष सूक्ष्म रक्तवाहिन्यांकडे वळविले. सूत्रकणिकांत (पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांत) निर्माण होणारे ऑक्सिजनचे विनाशक रेणू या दोन्ही प्रक्रियांना जोडतात, ही २००१ मधील ब्राउनली यांची मांडणी आज सर्वाधिक उद्‌धृत होते.

वेदनेचे मापन वर्तनावरून करावे लागते, कारण प्राण्याला काय जाणवते ते विचारता येत नाही. जाळीच्या तळावर ठेवलेला रॅट हुंगाहुंगी थांबवून शांत बसेपर्यंत वाट पाहतात आणि मग खालून तळव्याला फॉन फ्राय यांचा तंतू (ठरावीक दाबाला वाकणारा बारीक धागा) तो वाकेपर्यंत टेकवतात. निरोगी रॅट ज्या हलक्या स्पर्शाकडे दुर्लक्ष करतो, त्याच स्पर्शाला मधुमेही रॅट पाय झटकन उचलतो, कधी तो चाटतोही. उष्णतेची चाचणी निराळे चित्र दाखविते. तीत आरंभी अतिसंवेदन व काही आठवड्यांनी मांद्य आढळल्याचे वृत्तांत आहेत, आणि वाण, कालावधी व खोलीचे तापमान यांनुसार निष्कर्ष बदलतात. स्ट्रेप्टोझोटोसिनचा स्वतःचाच संवेदी तंत्रिकापेशींवर थेट परिणाम होत असावा, अशी शंकाही घेतली गेली आहे. म्हणून त्वचेच्या तुकड्यातील बारीक तंतू मोजणे हा अधिक भरवशाचा पुरावा समजला जातो. ही मोजणी माणसातही त्याच रीतीने करता येते.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हॉर्मोनचा ग्राही सदोष असलेला ‘डीबी/डीबी’ माऊस, जपानमधील गोटो-काकिझाकी रॅट इत्यादी वाण वापरतात. आपोआप मधुमेह झालेल्या मांजरांत ही विकृती उघड दिसते: मांजर मागच्या पायांच्या बोटांवर न चालता घोट्यापर्यंतचा भाग जमिनीला टेकवून चालते.

प्राण्यांतील यश माणसात फारसे उतरलेले नाही. सॉर्बिनिल या आल्डोज रिडक्टेज रोखणाऱ्या औषधाने १९८३ च्या मानवी चाचणीत वहनवेगात सेकंदाला एक मीटरहूनही कमी वाढ केली. त्याच वर्गातील टॉलरेस्टॅट यकृतावरील दुष्परिणामांमुळे मागे घेण्यात आले. त्याच वर्गातील एपालरेस्टॅट मात्र जपानमध्ये १९९२ पासून व भारतातही वापरात आहे. रॅटमध्ये आशादायक ठरलेला तंत्रिकावर्धक घटक २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,०१९ रुग्णांवरील ४८ आठवड्यांच्या चाचणीत निष्प्रभ ठरला. याचा दोष एकट्या प्राण्यांवर टाकणे योग्य नाही. रॅटची सायटिक तंत्रिका काही सेंटिमीटर लांबीची आणि प्रयोग काही आठवड्यांचा असतो. माणसाच्या पावलापर्यंत जाणारा तंतू सुमारे एक मीटरचा असून तो वर्षानुवर्षे झिजत येतो. प्राण्यांतील प्रयोगांतून विकृतीच्या पहिल्या टप्प्याचे ज्ञान होते; उपचार मात्र बहुधा अखेरच्या टप्प्यातील रुग्णांवर अजमावले गेले.

भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत लठ्ठ रॅटचे वाण विकसित झाले आहेत. मोहाली येथील संशोधकांनी २००५ मध्ये स्निग्ध आहार व स्ट्रेप्टोझोटोसिनची अल्प मात्रा यांचा मेळ घालणारी पद्धत मांडली, आणि ती स्वस्त असल्याने सर्वत्र रुळली. अशा प्रयोगांना १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम व त्याखालील १९९८ चे नियम लागू असून संस्थेच्या नीतिसमितीची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतही मधुमेही रॅटवर वनस्पतींचे अर्क अजमावले जातात. अर्काने रक्तशर्कराच उतरली असेल, तर तंत्रिकांना झालेला लाभ त्या उताराचा की अर्काच्या स्वतंत्र गुणाचा, हे ठरविण्यासाठी इन्सुलिन दिलेला तुलनागट आवश्यक असतो.