परवाना आधी आला, शिकवण फार उशिरा

दसऱ्याच्या सकाळी खानदेशात, यावल तालुक्यातल्या आमच्या आजोळी पाटावर विळा, कोयता, तराजू आणि आजोबांचं रिव्हॉल्व्हर ओळीनं मांडलं जायचं. कानपूरचं, ०.३२ बोअरचं. एका वर्षी मामेभावानं ते सहज उचललं. नळी ओट्यावर बसलेल्या बायकांकडे होती. 'भरेल शे का रे?' आजीनं विचारलं. 'नही वं माय, रिकामं शे,' दोघं-तिघं एकदम बोलले. मामांनी ते काढून घेतलं, खटका दाबून नळी बिजागरीवर खाली वाकवली, म्हणजे रिव्हॉल्व्हर 'मोडलं', तशी काडतुसांच्या चक्रीतून दोन काडतुसं वर आली.

परवाना घरात कित्येक वर्षं होता. हत्यार हाताळायचं कसं, हे मात्र आजोबांना कुणी शिकवलं नव्हतं आणि परवाना देताना कुणी विचारलंही नव्हतं. ही एका घराची चूक नाही. आपल्याकडे परवाना मुळात ज्या कारणानं सुरू झाला, त्यात शिकवणीला जागाच नव्हती.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, पण सातपुडा त्यांच्या हाती लागेना. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. ज्यांचा धाक होता त्यांनाच बंदूक दिली आणि सोबत कवायत लावली. हत्यार आणि शिस्त एकत्र आली ती अशी फौजेत, सरकारच्या गरजेपुरती. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक हे भिल्ल पुढारी सातपुड्यात इंग्रजांविरुद्ध उठले, आंबापाणीची लढाई झाली. त्यानंतर लोकांच्या हातातलं हत्यार सरकारला आणखी सलू लागलं. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. युरोपियनांना मात्र सूट.

खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता, १९०६ पर्यंत. कलेक्टर धुळ्याला. सगळी पारख अर्जदार सरकारच्या विश्वासातला आहे की नाही, याची. त्याला बंदूक हाताळता येते का, हा प्रश्नच नव्हता. परवाना मेहेरबानी म्हणून मिळायचा, आणि मेहेरबानीचा मान होतो. लग्नात कमरेला लावून मिरवायची सवय, वरातीत हवेत बार काढायची हौस, या दोन्हींचं मूळ मला त्या मानातच दिसतं.

१९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसनं शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांत घातला होता. १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तो पुन्हा मांडला. तो फेटाळला गेला. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं परवाना नाकारता येणार नाही, असं त्याच्या कलम १४ मध्ये लिहिलं आहे. मानाच्या कल्पनेला तो चांगला धक्का होता. पण शिक्षणाची सक्ती तिथंही नव्हती.

ती आली शस्त्र नियम, २०१६ मध्ये. लिटनच्या कायद्यानंतर १३८ वर्षांनी! अर्जदारानं सुरक्षा प्रशिक्षण घेऊन एस-१ नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडायचं. हत्यार हाताळणं आणि सोबत नेणं, नेम, निगा, घरात ठेवणं, प्रवासात नेणं, असं सगळं त्यात येतं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि आनंदाच्या भरात बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

चोपड्याच्या वर, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीकडून येणारा गावठी कट्टा या सगळ्याच्या बाहेरच राहतो. त्याला ना परवाना, ना भरवशाची नळी. बार समोर जाईल की वापरणाऱ्याच्याच हातात फुटेल, सांगता येत नाही. तो बाळगणं गुन्हाच आहे आणि कुठलंही प्रशिक्षण त्याला सुरक्षित करू शकत नाही.

आजोबांच्या पश्चात मामांनी रीतसर परवाना आपल्या नावावर करून घेतला, त्यासाठी प्रशिक्षणाला गेले. पहिला तासभर एकही गोळी झाडली नाही, असं ते सांगतात. रिव्हॉल्व्हर मोडून, चक्री रिकामी दाखवून, नळी जमिनीकडे ठेवून शेजाऱ्याच्या हातात द्यायचं; शेजाऱ्यानं पुन्हा स्वतः बघायचं. चापाच्या आत बोट गेलं की उस्ताद थांबवायचे. पिस्तुलाबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मामा सगळ्यांना सांगतात: मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही, एक गोळी नळीच्या मागच्या घरात, चेंबरमध्ये, उरलेली असू शकते.

आता दसऱ्याला रिव्हॉल्व्हर पाटावर येतं ते मोडलेलंच, चक्रीची सहाही घरं उघडी. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. आजी आधी वाकून सहा भोकांतून पलीकडचा उजेड बघते, मग फक्त मुठीला हळद-कुंकू लावते.