अभिजितजवळचे धुराचे कडे

सुगी आटोपली की खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, भात झोडून रिकाम्या झालेल्या खळ्यावर आम्ही आठ इंची दुर्बीण मांडतो. ईशान्येला बेळगावच्या दिव्यांचा फिकट उजेड असतो आणि वायव्येला अभिजित हा तारा. त्याच्याजवळच, स्वरमंडळ तारकासमूहातल्या दोन ताऱ्यांच्या मधोमध, धुराचे इवलेसे कडे दिसते. ही कंकणाकृती अभ्रिका, म्हणजेच एम ५७: मरणाऱ्या ताऱ्याने टाकलेल्या वायूची एक ‘बिंबाभ्रिका’.

आयपीसवर ऑक्सिजनचा फिल्टर चढवला की आजूबाजूचे तारे मंदावतात, पण कडे तसेच राहते. हा फरक मला प्रत्येक वेळी विलक्षण वाटतो, कारण या अभ्रिकांचे मर्म त्यातच आहे. ताऱ्याचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो, तर अभ्रिकेचा मोजक्या रंगांत एकवटलेला असतो. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी मार्जारनेत्र अभ्रिकेकडे वर्णपटदर्शक रोखला, तेव्हा त्यांना अखंड पट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या आणि ती विरळ वायूची आहे हे सिद्ध झाले. त्यांतल्या हिरव्या रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेबुलियम’ नावाचे नवे द्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले की त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्याच आहेत. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत हा प्रकाश बाहेर पडण्याआधीच अणूंची टक्कर होते. अवकाशातल्या अतिविरळ वायूत मात्र त्याला तेवढी सवड मिळते.

हा वायू सूर्यासारख्या ताऱ्याने म्हातारपणी टाकलेला असतो. उघडा पडलेला गाभा लाखभर अंशांपर्यंत तापतो आणि त्याच्या अतिनील किरणांनी हे आवरण काही हजार वर्षे उजळून निघते. विल्यम हर्शेल यांना अशा अभ्रिका ग्रहांच्या तबकडीसारख्या भासल्या, म्हणून इंग्रजी नावात ग्रह शिरला. आपला ‘बिंबाभ्रिका’ हा शब्द त्याहून अचूक आहे, असे मला वाटते.

हबल दुर्बिणीने या तबकड्यांचा गोलवा मोडला. दुहेरी पाकळ्या, फवारे, एकात एक कवचे असे आकार दिसू लागले आणि एकट्या गोल ताऱ्यातून असे काही कसे घडेल, हा प्रश्न उभा राहिला. जोडीच्या ताऱ्याचा संशय त्यातून बळावला. पुढचे बरेच काही अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात दडले होते. हवेतली वाफ त्यातला बराच भाग शोषून घेते. चार महिने ढगांखाली काढणाऱ्या आम्हांला हा अडसर समजावून सांगावा लागत नाही. सोफिया ही विमानात बसवलेली दुर्बीण वाफेच्या वर जात असे. तिच्या निरीक्षणांतून एनजीसी ७०२७ या बिंबाभ्रिकेत हेलियम आणि हायड्रोजन यांचा संयुक्त आयन सापडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. जेम्स वेब दुर्बीण तर पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. २०२२ मध्ये तिने एनजीसी ३१३२ या दुसऱ्या बिंबाभ्रिकेच्या मध्यावरचा मरणासन्न तारा धुळीने वेढलेला असल्याचे दाखवले.

२०२३ मध्ये वेबने आमच्या खळ्यावरून दिसणारे तेच कडे टिपले. त्यात हायड्रोजनच्या सुमारे २०,००० दाट गाठी आढळल्या आणि कड्याबाहेर दहाएक फिकट कमानी. दोन कमानींमध्ये साधारण २८० वर्षांचे अंतर आहे. ताऱ्यात आपोआप इतक्या काळाने घडणारी कोणतीही क्रिया माहीत नाही, म्हणून त्याच्याभोवती फिरणाऱ्या सोबती ताऱ्याने या वायूला हा आकार दिला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. चित्रात तो सोबती वेगळा दिसत नाही. त्याची खूण या कमानींच्या अंतरातच मिळते.