सार्वजनिक रानातील हरिणशिकार आणि गर्दी टाळण्याच्या रीती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी मालकीच्या, सर्वांना खुल्या रानांत परवाना घेऊन हंगामी हरिणशिकार चालते. एकाच रानात एकाच सकाळी अनेक बंदुका उतरत असल्यामुळे इतर शिकाऱ्यांपासून दूर राहणे हे या शिकारीचे एक स्वतंत्र अंगच बनले आहे. येथे ‘हरीण’ म्हणजे दरवर्षी शिंगे गळणाऱ्या सर्व्हिडी कुलातील प्राणी होत. पूर्वेस व मध्य भागात प्रामुख्याने पांढऱ्या शेपटीचे हरीण (ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस) आढळते, पश्चिमेच्या डोंगराळ, कोरड्या मुलखात खेचरासारख्या लांब कानांमुळे नाव पडलेले म्यूल डिअर (ओ. हेमिओनस) आढळते. ही दोन्ही आपल्या काळवीट-चिंकाऱ्यापेक्षा सांबर-चितळाच्या जवळची आहेत.

हरणावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी असून त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. रोमन कायद्यात वन्य प्राणी कोणाच्याच मालकीचा नसे. जो धरील त्याचा तो होई. नॉर्मन राजांनी इंग्लंडातील विस्तीर्ण राने स्वतःच्या शिकारीसाठी राखली. १२१७ च्या वनसनदेने राजाचे हरीण मारणाऱ्याची जीव घेण्याची किंवा अवयव तोडण्याची शिक्षा बंद केली. शिकारविषयक लेखनात या सनदेपासून आजच्या अमेरिकन परवान्यापर्यंत एक सरळ रेषा ओढण्याची प्रथा आहे. ती रेषा जरा जास्तच सरळ वाटते. न्यू जर्सीतील कालवांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) खाजणांवरून झालेल्या १८४२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या वतीने राज्याकडे असलेल्या विश्वस्त हक्काचा आधार घेतला. १८९६ च्या गीअर खटल्यात ज्यांची शिकार होते अशा पक्ष्यांवर राज्याची मालकी असल्याचे म्हटले, तर १९७९ च्या ह्यूज खटल्यात त्याच न्यायालयाने गीअरचा निर्णय रद्द ठरवला. या परंपरेला ‘उत्तर अमेरिकी वन्यजीव संरक्षण प्रतिमान’ हे नाव व सात तत्त्वांची मांडणी २००१ च्या सुमारास मिळाली. म्हणजे तो मागे वळून लावलेला अर्थ आहे. आजची व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओढवलेल्या टंचाईतून घडली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. बाजारासाठी होणाऱ्या बेसुमार कत्तलीने त्या सुमारास हरणांची संख्या काही लाखांवर आली होती, असा अंदाज केला जातो. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या शिकारीचा आंतरराज्य व्यापार बंद केला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांकडे वळवला. आज देशात सुमारे तीन कोटी पांढऱ्या शेपटीची हरणे असावीत.

गर्दीचे कारण जमिनीच्या वाटणीत आहे. केंद्रीय वनसेवेकडे सुमारे ७·८ कोटी हेक्टर आणि भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे ९·९ कोटी हेक्टर जमीन असली, तरी तिचा फार मोठा भाग पश्चिमेकडे व अलास्कात आहे. हरणे आणि शिकारी दाट आहेत ते पूर्वेत व मध्यपश्चिमेत, आणि तिथे बहुतेक जमीन खाजगी आहे. टेक्ससमध्ये तर नऊ-दशांशांहून अधिक. ज्याची शेती नाही, ओळख नाही, भाड्याने रान घेण्याची ऐपत नाही, तो सरकारी रानात येतो. पेनसिल्व्हेनियाने परवान्यांच्या पैशातून १९२० पासून ‘स्टेट गेम लँड्स’ विकत घ्यायला सुरुवात केली. त्यांचे क्षेत्र आता सुमारे १५ लाख एकर आहे.

पंचांगही गर्दीला हातभार लावते. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होऊन नऊ दिवस चालतो. मिशिगनचा १५ नोव्हेंबरलाच सुरू होतो, मग वार कोणताही असो. पेनसिल्व्हेनियात १९६३ पासून थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार ठरलेला होता. ग्रामीण भागांत त्या दिवशी शाळांना सुटी असे. २०१९ पासून तो शनिवारवर आणल्यावर जुन्या मंडळींनी बरीच कुरकुर केली. तेथे रविवारी शिकारीला जवळजवळ पूर्ण बंदी असल्याने नोकरदारांचा सारा भार शनिवारवर पडे. २०१९ च्या कायद्याने तीन रविवार खुले केले आणि २०२५ मध्ये बंदीच उठवली. अपघात टाळण्यासाठी भडक नारिंगी कपडे बहुतेक राज्यांत सक्तीचे आहेत. हंगामाच्या पहिल्या दिवशी रानात उतरणाऱ्या झुंडीला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणतात ते त्यावरूनच.

पेनसिल्व्हेनियातील स्प्राउल राज्यवनात या शतकाच्या आरंभी विमानातून शिकाऱ्यांची मोजणी झाली. रस्त्यापासून जसजसे दूर आणि चढ जसजसा तीव्र, तसतशी माणसे विरळ होत गेलेली दिसली. आपण किती आत जातो याचा शिकाऱ्यांचा स्वतःचा अंदाजही प्रत्यक्षापेक्षा जास्तच निघाला. हरणाची बाजू वेगळी असते. दबाव वाढला की ते आपला मुलूख सहसा सोडत नाही. दिवसा दाट झुडपात किंवा दलदलीत बसून राहते आणि चरायला रात्री निघते.

यावरून दोन पंथ पडतात. जुना पंथ म्हणतो, गाडीपासून मैल-दोन मैल चाला, कोणी भेटणार नाही. दुसरा म्हणतो, इतरांना जिथे जावेसे वाटत नाही ती जागा शोधा. ती वाहनतळामागच्या काटेरी पट्ट्यातही असू शकते. पहिल्या सल्ल्याचा प्रसार इतका झाला आहे की काही रानांत मैलभर आतल्या कड्यांवरच माणसे दाटतात. त्यामुळे दुसरे मत अधिक टिकाऊ वाटते. त्याला धरून नाना युक्त्या चालतात : कयाकने ओढा ओलांडून पलीकडे उतरणे, मंगळवार-बुधवार निवडणे, भिजपावसात निघणे, बंदुकीआधीचा धनुष्यबाणाचा हंगाम साधणे. गर्दीलाच हाकेकरी मानण्याची युक्ती सर्वांत रोचक आहे. पहाटेपूर्वी दाट आसऱ्याच्या वाटेवर, वारा तोंडावर घेऊन मचाणावर बसायचे. साडेनऊ-दहाला इतर शिकारी थंडीने कुडकुडत जेवायला परतू लागले, की त्यांच्या हालचालीने उठलेले हरीण आपोआप समोर येते. मचाण रात्रभर रानात ठेवण्यास काही ठिकाणी बंदी आहे. लांब जाण्याची किंमत परतताना कळते, कारण पोट साफ केल्यावरही मोठा नर ५०-६० किलो भरू शकतो. मेंदू व मज्जातंतू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज जिथे पसरला आहे, तेथून डोके व कणा बाहेर नेण्यावर निर्बंध असतात.

निर्जन रानाची कल्पनाच काही अंशी शिकाऱ्यांची आहे. वनसेवेतील अधिकारी व स्वतः शिकारी असलेल्या आल्डो लिओपोल्ड यांनी १९२१ मध्ये रस्तेविरहित रानाचा आकार सांगताना, सामान लादलेली जनावरे घेऊन दोन आठवड्यांची फेरी त्यात मावली पाहिजे, अशी कसोटी घातली. न्यू मेक्सिकोतील हिला हे असे पहिले राखीव रान १९२४ मध्ये ठरले आणि १९६४ च्या वनराजी कायद्याने अशा क्षेत्रांत मोटारवाहनांना बंदी आली. पश्चिमेत म्यूल डिअरच्या परवान्यांसाठी अनेक ठिकाणी सोडत काढतात. तिथे गर्दी कायद्यानेच आटोक्यात राहते, पण इच्छुकाला वर्षानुवर्षे थांबावे लागते.

सरकारी असूनही गाठता न येणारी राने हा वेगळाच पेच आहे. १८६२ पासून रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैलांचे तुकडे दिल्यामुळे वायोमिंगसारख्या राज्यांत सरकारी व खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी मांडली गेली. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्यात टेकतात. २०२१ मध्ये वायोमिंगच्या एल्क माउंटन परिसरात मिसूरीच्या, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीस आलेल्या चौघांनी असा कोपरा शिडी लावून, खाजगी जमिनीला पाय न लावता ओलांडला. जमीनमालकाचे म्हणणे असे की हवेतून जाणे हेही अतिक्रमणच. ज्युरीने २०२२ मध्ये शिकाऱ्यांना निर्दोष ठरवले. मार्च २०२५ मध्ये दहाव्या मंडलाच्या (अनेक राज्ये मिळून केलेल्या न्यायक्षेत्राच्या) केंद्रीय अपील न्यायालयानेही, सार्वजनिक जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणाऱ्या १८८५ च्या कायद्याचा आधार घेऊन, त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस व ओक्लाहोमा या सहा राज्यांत बंधनकारक आहे. मोंटाना त्या मंडलाबाहेर येते, त्यामुळे तिथे तो बंधनकारक नाही.